शिवणकाकूचं माप

शिवणकाकूनं अख्ख्या झरी गावातल्या बायकांची मापं घेतली, पण स्वतःच्या अंगाला कधी कुणाला टेप लावू दिली नाही. परभणीच्या भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या! मी तिच्याकडं शिवण शिकायला जायची. एकदा दोरा ओवताना तिची बाही वर सरकली आणि काडीसारखा दंड दिसला. तेव्हा तिनं दार लोटून मला सगळं सांगितलं. नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना तिलाही लागण देऊन गेला. जुन्या गोळ्यांनी जीव वाचवला, पण हातापायांची, गालांची चरबी गेली आणि पोट मात्र वाढलं. "गालाचं पोटाला गेलं बघ. देवाचं माप चुकलं," म्हणून हसली.

गाव हसण्यावारी नेणारं नव्हतं. विधवेचं पोट दिसलं की लोकांना एकच कारण सुचतं. शेजारची म्हातारी तर मायेनं पदराखाली चिंचा घेऊन आली. "खा माय. म्या कुनाला सांगत न्हाई." काकूनं त्या निमूट खाल्ल्या. खरं सांगावं तर ब्लाउज शिवायला कोण टाकणार? न सांगावं तर अब्रू जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिनं गोळ्याच सोडल्या. मी भांडले, रडले, ओढत परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या. म्हणाल्या, "पोट हळूहळू उतरेल, गाल भरतीलच असं नाही. रोज चाला. पण गोळी सोडू नका."

चालायचं कुठं? गावभर डोळे. मग काकू दोरा न ओवताच पायानं मशीन चालवत बसायची. "आज मानवतपर्यंत जाऊन आले बघ," म्हणायची. गिऱ्हाईक तुटलं होतं, पण खडखड ऐकून ज्याला त्याला वाटे, दुसऱ्या कुणाचं तरी शिवायलीय.

पोट खरंच थोडं उतरलं. तर लोक म्हणाले, पाडून आली.

तेव्हा मात्र तिनं पालमला जायचं ठरवलं. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणूनच. आदल्या दिवशी मशीन बांधून झाली आणि ती माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"घे माप. नव्या गावाला एक नवं ब्लाउज पायजे. सावकाश शिवून पाठव."

मी दंडाला, पाठीला, कमरेला टेप लावली. तिनं डोळे मिटले.

"किती वर्सानं कुनाचा हात लागायलाय गं अंगाला."

माप तर केव्हाच घेऊन झालं होतं. "चुकलं वाटतं, काकू," असं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून टेप लावली.