डाव्या दांडीच्या बारा बंदुका

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच रिकामा आहे. खरी हालचाल आहे ती फळ्यांखालच्या खोलीत. एकच दिवा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेलं सिंहासन, आणि मधोमध स्टुलावर बसून लाकूड घासणारा ठेंगणा माणूस. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर भुसाच भुसा. म्हणून आमच्या नाटक कंपनीत लहानथोर सगळे त्यांना भुसामामा म्हणायचे.

तेहतीस वर्षं मामांनी आम्हाला तलवारी, मुकुट, टेलिफोन, मागाल ते करून दिलं. मी नायकाची कामं करायचो आणि मी डावखुरा. एका युद्धाच्या नाटकात मला बंदूक भरायची होती, तर मामांनी गोळी चढवायची दांडी उजवीऐवजी डावीकडे बसवली. इथवर ठीक. पण उरलेल्या अकरा शिपायांच्या बंदुकाही त्यांनी तशाच केल्या.

"अहो मामा, ते कुठे डावखुरे आहेत?"

"बाराजण रांगेत उभे राहिले आणि तुमचीच वेगळी दिसली, तर शेवटच्या खुर्चीतला माणूससुद्धा नाटक सोडून तेच बघत बसेल. गुमान भाषणं पाठ करा."

नाटक सपशेल पडलं. बंदुका पेटाऱ्यात गेल्या. बऱ्याच वर्षांनी संरक्षण विभागाचे एक साहेब आले. नव्या सैनिकांना शिकवायला चित्रफीत काढायची आहे म्हणाले, आणि बाराही घेऊन गेले. मामांनी एकेक तेलाच्या फडक्याने पुसून दिली, लेकीला सासरी धाडावं तशी. त्या परत आल्या नाहीत. मामांनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.

मग गेल्या वर्षी रेडिओवर सरकारी निवेदकाचा खणखणीत आवाज सुरू झाला. शेजारी देशाने सीमेवरच्या वस्तीत चोरून शस्त्रं पोचवली आहेत, विभागाने ती पकडली आहेत, आता युद्धाशिवाय मार्ग नाही. सोमवारी सभागृहात मतदान. तोवर जनतेने स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा पाहावा, म्हणून पकडलेली शस्त्रं विभागाच्या मोठ्या दालनात मांडली होती. मामांचा एकुलता एक मुलगा, वीजजोडणीची कामं करणारा, राखीव सैनिकांच्या यादीत होता. सोमवारी ठराव झाला की मंगळवारी त्याने हजर व्हायचं.

शनिवारी सकाळी मामा माझ्याकडे आले आणि वर्तमानपत्र टेबलावर आपटलं.

"नटवर्य, चष्मा लावा. ही बंदूक कुणाची?"

मी पाहिलं. दांडी डावीकडे. "फोटो उलटा छापला असेल, मामा."

"मागच्या पाटीवरची अक्षरं सरळ आहेत ना? आणि दस्त्यावरचा हा टवका? पाचव्या प्रयोगाला तुम्हीच आपटली होती, चांगली आठवते मला!" "माझ्या लाकडाच्या जिवावर माझ्याच पोराला मरायला पाठवतायत. उठा."

दालनाबाहेर ही रांग! आत दोरी बांधलेली, पलीकडे लांब टेबलावर आमच्या बारा बंदुका, आणि एक अधिकारी छडी फिरवत माहिती सांगत होता. मामांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"साहेब, ही चालते का हो?"

"म्हणजे काय! अत्यंत घातक आहे."

"मग दांडी डावीकडे कशी?"

"शत्रूची तशीच पद्धत आहे."

"अख्खं सैन्य डावखुरं?"

लोक हसले. अधिकारी छडीने वाट दाखवत म्हणाला, "आजोबा, पुढे चला, मागे रांग आहे."

मामा पुढेच गेले, पण दोरीखालून. एक बंदूक उचलली, गुडघ्यावर धरली आणि कडकन मोडली. आतून पांढरं लाकूड दिसलं. नळी खणखणत फरशीवरून घरंगळत गेली. "पडद्याची नळी आहे ही!" मामा ओरडले. "मी कापलीय! या हातांनी!"

कुणीच हसलं नाही. दोघा शिपायांनी त्यांना बखोटीला धरून नेलं. मी माझा सगळा आवाज लावून सांगितलं की या आमच्या नाटकातल्या बंदुका आहेत. हजार माणसांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो आवाज. मला पायऱ्यांवर ढकलून दार लावलं.

रविवारी विभागाचा खुलासा आला: 'नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी दालनात प्रतिकृती ठेवल्या होत्या. अस्सल शस्त्रे विभागाच्या ताब्यात असून गुप्ततेमुळे ती दाखवता येत नाहीत.' मी तो कागद चुरगाळून भिंतीवर फेकला. अरे, आम्हीही जन्मभर खोटंच केलं. पण तिकीट काढणाऱ्याला ते ठाऊक असायचं, आणि आमच्याकडे मेलेला माणूस खेळ संपला की उठून तोंड धुवायला जायचा! आणि ज्यांनी ती पांढरी चीर डोळ्यांनी पाहिली होती, त्यांतलेच काही चौकात सांगत होते, "नाही हो, विभाग म्हणतोय म्हणजे काहीतरी असणारच."

सोमवारी ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. मामांवर सरकारी मालाच्या नासधुशीचा आरोप. स्वतः केलेल्या बंदुकीच्या! मंगळवारी मुलगा कोठडीच्या फाटकापर्यंत येऊन गेला. भेटू दिलं नाही. मामा सुटले शुक्रवारी.

युद्धाच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. मामी आतल्या खोलीत मुलाच्या शर्टांना बटणं लावत होत्या. दार वाजलं. गणवेशातला एक तरुण अधिकारी उभा होता, हातात लखोटा. त्याची तरी काय चूक, त्याला पाठवलं होतं. त्याने मान खाली घालून वाचायला सुरुवात केली: "देशाच्या संरक्षणासाठी अटळ ठरलेल्या या युद्धात आपले चिरंजीव..."

मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग कागद त्याच्या हातातून घेतला, घडीवर घडी घालून लखोट्यात ठेवला आणि लखोटा त्याला परत दिला.

त्यानंतर ते पाच महिने जगले. पण पुढे त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नाही, मामींनीही नाही. त्यांचे शेवटचे शब्द त्या सकाळचेच. लखोटा परत देताना आतल्या खोलीकडे बोट दाखवून ते त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "त्याची आई तिथे बसलीय. तिला तुम्ही सांगा. आणि कशासाठी गेला ते सांगताना मान वर करून, तिच्याकडे बघून सांगा."