नस चढली म्हणे

नस चढली हे दोन शब्द कानावर पडले की माझं डोकं आजही फिरतं. आमच्या भागात पायाला काहीही झालं तरी नसच चढलेली असते. घोटा सुजला, नस चढली. गुडघा कुरकुरला, नस चढली. माणसाच्या पायात हाड नावाची वस्तू असते, हे जणू कोणाला मान्यच नाही.

मी लाखनीची. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा शाळेत होते. पुढे पुण्याला क्रीडाविज्ञान शिकले. खेळाडूची ताकद आणि दम शास्त्रानं कसा वाढवायचा, हे शिकून परत आले. आईला हे समजावता समजावता माझी जीभ थकली. तिच्या लेखी शिकलेली पोरगी नर्स होते, मास्तरीण होते, फार तर तहसीलीत बाबू होते. नात्यातल्या लग्नात कोणी विचारलंच तर ती सांगायची, पोरगी जिममध्ये असते, आणि लगेच विषय भाजीवर न्यायची.

नोकरी लागली ती हायवेलगतच्या एका भरती अकॅडमीत. पोलिसात नाहीतर फौजेत जायचं म्हणून आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी तिथं पळायला येत. अकॅडमीचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, स्वतः फौजेतून आलेले. आवाज दांडगा, मिशी त्याहून दांडगी. पोरींच्या आईबापांना बाईमाणूस हवं असतं म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं, हे लवकरच कळलं. मी तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून पोरींसाठी वजनं केली. सरांनी ती पोरांच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. पोरीनं वजन उचललं तर अंग पुरुषी होतं, असं त्यांचं ठाम मत. धानाचे भारे डोक्यावरून खळ्यात नेणाऱ्या पोरींबद्दल हा माणूस हे बोलत होता.

त्या पोरींत एक सगळ्यांत पुढे पळणारी होती. घरी फक्त आई, दोघीही मजुरीला जाणाऱ्या. रोवणीच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात वाकून धान रोवायची आणि संध्याकाळी सायकल मारत मैदानावर यायची. मैदानात पाणी, म्हणून सर सगळ्यांना हायवेच्या डांबरावर पळवत. पोरीला ही भरती मिळवायचीच होती. नाही मिळाली तर मामानं एक स्थळ पाहून ठेवलं होतं, आणि तिनं ते तोंडावर नाकारलं होतं ते याच भरतीच्या जोरावर.

पावसाळ्याच्या मध्यावर तिची नडगी दुखू लागली. मी बोट ठेवून पाहिलं. एकाच जागी, बोटाएवढ्या जागेत दाबताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असं दुखणं म्हणजे हाड थकून चिरायच्या बेतात आलेलं. मी सरांना सांगितलं की हिचं पळणं काही आठवडे बंद. ते हसले. नस चढली म्हणाले, आणि परस्पर तिच्या आईला निरोप धाडला की रोज मोहाच्या बियांचं तेल लावून अंगठ्यानं रगडा आणि घट्ट पट्टी बांधा. ती माउली रोज कामावरून आली की लेकीचा पाय मांडीवर घेऊन रगडायची. लेकीच्या चिरत चाललेल्या हाडावर बिचारी मायेनं जोर लावत होती. तिच्यावर काय रागवणार? ज्याच्यावर रागवायचं तो माणूस वेगळा होता.

मी तिच्या घरी जाऊन तेल बंद करवलं. पोरीला गावाच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, छातीएवढ्या पाण्यात पळायला लावलं. पाण्यात पायावर फारसा भार येत नाही आणि दमही टिकतो. काठावरच्या म्हशींनी मान वर करून पाहिलं, गावानंही पाहिलं. डिग्रीवाली मॅडम पोरीले म्हशीसारखी पाण्यात ठेवून राहिली, अशी थट्टा पार मोहाडीपर्यंत पोचली. मला त्याचं काही नव्हतं. दुखणं उतरत होतं.

मग एका कामासाठी मी नागपूरला गेले. तेवढा एक दिवस सरांना पुरला. त्यांनी हायवेवर आठशे मीटरची ट्रायल लावली आणि पोरीला सांगितलं, आज नाही पळालीस तर अकॅडमीतून नाव कमी. ती पळाली. पुलापाशी तिचं हाड मोडलं. जवळ उभ्या असलेल्या पोरी म्हणतात, आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं रांगेत उभी करून सर बोलले, "पायाचं काही नसते. जिद्द कमी पडली तिची." वर हेही म्हणाले की आराम देऊन देऊन मॅडमनं तिचं हाड नरम केलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथंच, रांगेसमोर, त्यांना खोटारडे म्हटलं आणि नोकरी सोडून निघाले. लाखनीत मात्र त्यांचंच खरं ठरलं. एक पाय सांभाळता आला नाही, कायले शिकली पुण्याले, असं बायका आईच्या तोंडावर म्हणत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

पोरीचा पाय मोडल्याचं कळताच मामानं पाहिलेलं स्थळ फिरकलं नाही, एवढंच काय ते चांगलं झालं. मी धानाचं एक बंद गोदाम भाड्यानं घेतलं, सिमेंटचे नवे डबे भरले. पोरीचं प्लास्टर निघालं तशी तिला चालायला, उठाबशा काढायला मीच शिकवलं. वर्दी तिला मिळाली नाही. ती माझ्याकडंच राहिली आणि शिकत शिकत शिकवू लागली. आज भरतीच्या मुली तिलाच मॅडम म्हणतात.

काही वर्षांनी, रोवणीच्याच दिवसांत, सर मोटरसायकलवर गोदामाच्या दारात आले. मागं त्यांची मुलगी बसलेली, उतरताना एक पाय टेकवत नव्हती. सरांची मिशी पांढरी झाली होती.

"मॅडम, हिचा पाय पाहा, पळवू नका हिले," ते म्हणाले. "नस नाही, हाड वाटून राहिलं मले."

इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. स्वतःच्या लेकीच्या पायात मात्र बरं सापडलं हाड या माणसाला. मी म्हटलं, आधी तुमच्या मैदानावर पोरांपुढं सांगा की त्या पोरीचं हाड मोडलं होतं, जिद्द नाही. मग आणा हिला.

"राग माह्यावर काढा, मॅडम. पोरीचा काय गुन्हा?"

"तिचा काय गुन्हा होता?"

तेवढ्यात, जिचा पाय मोडला होता ती स्वतःच आतून आली. सगळं ऐकलं होतं तिनं. सरांच्या मुलीला पायरीवर बसवून ती समोर उकिडवी बसली आणि नडगीवरून एक बोट हळूहळू खाली नेलं. एका जागी मुलगी कळवळली.

"सर, तेल लावलं काय?" तिनं विचारलं.

"नाही. हिच्या आईले मी हात लावू देला नाही."

ती मुलीला खांद्याचा आधार देऊन आत घेऊन गेली, स्वतःचा तो पाय जरा ओढत. मी दारातच उभी राहिले. त्या माणसाला मी बसा म्हटलं नाही.