दगडात उगवलेली तार

उत्तमसिंग राठोड हा सुरुंग भरणारा माणूस. आखाडा बाळापूरच्या आजूबाजूला शंभराच्या वर विहिरींचा दगड त्याने फोडला. मी त्या दगडाचा मलमा उपसणारा. माझी क्रेन होती आणि आठ माणसांची टोळी. वीस वर्षं आमचं काम पाठोपाठ चाललं. त्याने फोडायचं, आम्ही उचलायचं. त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझा नाही. पण लिहिणं भाग आहे.

त्याचा तांडा वारंगा फाट्यापासून दोन कोस आत. आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचा, बाप शेती करायचा. उत्तमसिंग सोळाव्या वर्षी खडीच्या खदानीवर लागला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला सुरुंग शिकवला आणि एक रीत दिली. एक भोक भरलं की एक खडा खिशात टाकायचा. नऊ भोकं, नऊ खडे. बार उडाला की अर्धा तास कुणी खाली जायचं नाही. मग उत्तमसिंग एकटा उतरायचा, एकेका भोकाची जागा हाताने चाचपायचा आणि फुटलेलं दिसलं की तिथे एक खडा टाकायचा. खिसा रिकामा झाला की वर बघून म्हणायचा, "खडे सरले." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय माझा एकही माणूस क्रेनच्या बादलीत पाय ठेवत नसे. एखादा खडा उरला तर त्या दिवशी काम बंद. मालक कितीही बोलला तरी बंद.

अंगात सुती सदरा. नायलॉनच्या कापडात ठिणगी असते, असं तो म्हणायचा. बार उडवायची बॅटरी दुसऱ्याच्या हाती देत नसे. बार उडेपर्यंत जेवत नसे. त्याची बायको मिराबाई म्हणायची, या माणसाला गरम भाकरी कशी लागते ते ठाऊकच नाही. आमची पोरं त्यावरून त्याला चिडवायची. तो हसायचा आणि भोकं मोजायचा.

विहिरीत उतरणाऱ्याला एकाच गोष्टीची भीती असते. न फुटलेलं भोक. आत दारू आणि ती पेटवणारी टोपी जिवंत असते, बाहेर टोपीच्या दोन तारा तेवढ्या दिसतात. तिथे पहार लागली की माणूस गेला. माझा थोरला भाऊ असाच गेला, दुसऱ्याच एका सुरुंगवाल्याच्या कामावर. हे कारण सांगतो आहे. सबब म्हणून धरू नये.

२०११ च्या उन्हाळ्यात माणिकरावांच्या शेतात विहीर चालू होती. चाळीस फूट झाली होती. दुपारी बार उडाला. अर्ध्या तासाने उत्तमसिंग उतरला, सगळं चाचपलं आणि वर आला. "खडे सरले."

मी बादलीत बसलो. ऊन थेट तळापर्यंत उतरलं होतं. तळ आठ फुटांवर आला आणि पूर्वेच्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर, फुटलेल्या दगडातून मला तारा दिसल्या. पिवळ्या, चमकणाऱ्या, बोटभर लांबीच्या चार-पाच तारा. वरचं रंगीत प्लास्टिक जळालं आणि आतली तार उघडी पडली, असं माझ्या मनाने घेतलं. मी दोर हलवला. बादली थांबली आणि वर आली.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "उत्तमसिंग, खाली तार हाय."

त्याने विचारलं, "कोणत्या अंगाला?"

"उगवतीला."

"तिकडं मी भोकच मारलं न्हाई, मसाजीभाऊ. ते पाहिलं मी. दगडाचंच कायतरी हाय, दगडातून आलेलं."

माझी माणसं हसली. दगडातून तार येते हे कुणी ऐकलं होतं? उत्तमसिंगला राग आला नाही. तो म्हणाला, "माझ्यासंगं चला. हात मी लावतो, तुमी मागं उभे राहून बघा."

मी म्हणालो, "माझ्या भावालाबी असंच चला म्हणले व्हते."

सदऱ्याचा खिसा त्याने उलटा करून बाहेर काढला, मला दाखवला. खिशात थोडी माती होती. माणिकरावांनी मला विचारलं, काय करायचं. मी सांगितलं, याच्या हाताखाली मी माणूस उतरवणार नाही. उत्तमसिंगने बॅटरी पिशवीत घातली आणि पायी तांड्याकडे गेला. त्या दिवशीची भाकरी तशीच झाडाला टांगलेली राहिली.

दुसरा सुरुंगवाला आणला. त्याने मी सांगितलेल्या जागेपासून दूर चार भोकं मारली आणि ते सगळं अंगच उडवून दिलं. दगड वर आला, ढिगावर पडला. एक टोपली रिकामी करताना चार दगड सांडले तर ते वेचायला मी माणसाला परत पाठवायचो. पण तो ढीग मी एकदाही उलथून पाहिला नाही. तार सापडली असती किंवा नसती. मी शोधलीच नाही.

बाळापूरच्या बाजारात बसस्टँडजवळ एक चहाची टपरी आहे. विहिरीची कामं घेणारे सगळे तिथे बसतात. उत्तमसिंगने भोक लपवलं, ही गोष्ट मीच तिथे सांगितली. एकदा नाही, अनेक बाजारांना. ज्या सुरुंगाच्या लायसनवाल्याकडे तो काम करायचा त्याने त्याचं नाव काढलं. महिन्याभरात त्याला कुणी बोलवेना.

चार वर्षांनी वसमतला तो मला दिसला. हळद पॉलिश करायच्या ढोलावर कामाला होता. पापण्यांपर्यंत पिवळा झालेला. मी ओळख दाखवायच्या आधी त्याने विचारलं, "गुडघे कसे हायत, मसाजीभाऊ?" मी बरे आहेत म्हणालो आणि बस आली म्हणून निघालो. बस आली नव्हती. तो जाईपर्यंत मी स्टँडच्या मागे उभा राहिलो.

२०१९ ला मी क्रेन विकली. त्याच वर्षी माणिकरावांनी विहिरीजवळचा जुना ढीग हटवायला मला बोलावलं. तिथे भागवत सर आले. हिंगोलीला कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीत विहिरींच्या ढिगांवर दगड गोळा करत फिरतात. त्यांनी डोक्याएवढा एक दगड हातोडीने फोडला. आत पोकळी होती, पोकळीत पांढरे खडे, आणि त्या खड्यांतून निघालेल्या पिवळ्या तारा. बोटभर. चार-पाच.

मी सरांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. टोपीची तार आहे म्हणालो. सर आधी घाबरले, मग हसले. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. ही सोनमाखी, लोखंड आणि गंधक यांची. बहुतेक वेळा तिचे चौकोनी खडे होतात. पण बंद पोकळीत कधी कधी ती एकाच दिशेने वाढत जाते, आणि मग तिची तार होते, केसासारखीही होते. माणसाच्या हाताचा तिथे काही संबंध नाही. आपल्या दगडात क्वचित सापडते. त्यांनीही अशी आजवर एकदाच पाहिली होती.

"हात लावून बघा," सर म्हणाले. मी एका तारेला बोट लावलं. वाकली नाही. कट् करून तुटली. टोपीची तार वाकते. विहिरीवरच्या कुठल्याही माणसाला हे कळतं. मला कळायला एक बोट लागलं.

तो दगड मी मागून घेतला. कापडात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवला. लगेच तांड्यावर जायला हवं होतं. चार वर्षं गेलो नाही. टोळीतल्या माणसांना मी जन्मभर अर्धवट कामावरून बोललो होतो. त्यांना आता काय तोंड दाखवू, हा विचार होता. उत्तमसिंगचा विचार त्यात कमीच होता.

मग एका बाजारी मी टपरीवर बसलो असताना उत्तमसिंगचा मुलगा जगन आला. तिशीचा असेल. क्रेनवर काम मागत होता. शिवहार मुकादम त्याला म्हणाला, "आधी घरी जाऊन बापाचे खडे मोजून ये." सगळे हसले. जगन खाली बघत उभा राहिला, मग निघून गेला. मी चहा पीत होतो. शिवहारच्या तोंडी ती गोष्ट मीच घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावर गेलो. वसमतचं काम सोडून उत्तमसिंग घरीच होता. मिराबाईने पाणी दिलं. मी दगड त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उन्हाकडे धरला, बराच वेळ बघितला. "हेच व्हतं," म्हणाला. मी चुकलो म्हणालो, तुमचं नाव मी घालवलं म्हणालो. जे सुचलं ते सगळं बोललो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे इथं काहून सांगून राहिले? इथं मला कुणी खोटं म्हणलं न्हाई."

पुढच्या बाजाराला आम्ही टपरीवर गेलो. तो, जगन आणि मी. मी उभा राहून सांगितलं. नीट जमलं नाही, मधले शब्द राहून गेले. शिवहार म्हणाला, "दगडाला तारा फुटायल्या का? मंग उद्या लाइटीच्या खांबाला कणसं लागतील." मी दगड उघडला आणि एक तार त्याच्या तळहातावर मोडली. त्याने तुकडा वाकवून बघितला. त्याचे दोन झाले.

उत्तमसिंगने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मसाजीभाऊ, तुमी बादली थांबवली तवा तळ किती राहिला व्हता?"

"आठ फूट."

"आठ फूट उतरायला किती येळ लागतो?"

तीस वर्षं मी क्रेन चालवली. "धा मोजायच्या आत," मी सांगितलं.

त्याने मान हलवली आणि उठला. जगन त्याच्या मागे गेला. मी दगड तिथेच ठेवला होता. तो त्याने उचलला नाही, मीच घरी आणला. जगनला शिवहारने चार दिवसांनी बोलावलं. उत्तमसिंगला कुणी बोलावलं नाही. वय झालं, आणि सुरुंगाची कामंही आता दुसऱ्या रीतीने होतात.

टपरीवर त्या दिवशी अकरा माणसं होती. त्याच्याविरुद्धची गोष्ट मी याहून कितीतरी जास्त लोकांना सांगितली होती. बाकीच्यांसाठी हे लिहिलं.