एकाच वाफ्यातली माती

पातूरकडच्या एक काकू शेवंती पिकवतात. कोणत्या जमिनीत काय घ्यायचं ते शेतकऱ्यांना विचारून ठरवायचं, असा आमचा प्रकल्प होता. त्याच्या प्रत्येक बैठकीला त्या येत, दाराजवळ बसत आणि हजेरीच्या कागदावर सही करण्याआधी तो उलटून मागची बाजू पाहत. चहा पुढे केला की म्हणत, "पहिले काम सांगा."

मला त्यांचा संशयच यायचा. मातीचे नमुने मागितले तेव्हा त्यांनी दोन पिशव्या दिल्या, एक स्वतःच्या नावाची, एक जावेच्या. जाऊबाई कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "तिले कायले बलावता? माती आली ना."

अहवाल आले. काकूंची जमीन उत्तम निघाली, जावेची निकस. प्रकल्पाच्या साहेबांनी भर बैठकीत सांगितलं, की जावेच्या शेतात फुलं बंद करावी लागतील.

काकू उठल्या. "साहेब, दोनी पिशव्या म्या एकाच वाफ्यातून भरल्या."

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलं!" साहेब म्हणाले.

"फसवलं नाई, तपासलं. तुमी आमाले तपासून राहिले, मंग आमी तुमाले काहून नाई?"

शिफारस तिथेच मागे घ्यावी लागली. चूक प्रयोगशाळेची, की चिठ्ठ्या लावताना माझ्याकडूनच दुसऱ्या कुणाच्या पिशवीशी अदलाबदल झाली, हे कळलंच नाही. मला मान वर करवेना.

नवे नमुने प्रयोगशाळेत पोचवायला काकू माझ्यासोबत अकोल्याला निघाल्या. एसटीत मी म्हणालो, "काकू, द्या पिशवी, मी धरतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर आणखी जवळ ओढून घेतली.