सायमनभाऊची नसलेली पोरगी

हसायचं तर हसा, पण हे चहाच्या टेबलावरच राहू द्या बाप्पा! एवढी लाज मले जिंदगीत कधी वाटली नाही. अन् तीही कुठं? चर्चच्या हॉलच्या दारात, नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी!

मी मूळची अकोल्याची. तिथल्या चर्चच्या ऑफिसात चार वर्षं रजिस्टरं लिहिली. मग अमरावतीच्या एका चर्चनं मले युथ मिनिस्टर म्हणून बोलावलं. म्हणजे काय, तर तरुण पोरापोरींले धरून ठेवायचं अन् रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की त्यांची सभा घ्यायची. फादर एकच गोष्ट बोलले होते, "पोरी, पहिले दोन महिने फक्त ऐक."

मी हो म्हणलं. ऐकणाऱ्यातली असती तर आज सांगायले काही राह्यलं असतं का?

पहिला रविवार. मी वही घेऊन दारात उभी. एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याले ताजा कलप, सोबत पंधराएक वर्षांची पोरगी.

"या काका! पोरीले इथं सोडा अन् दीड तासानं न्यायले या. पालकांनी आत बसायचं नाही."

त्यांचा चेहराच पडला. "मॅडम, मी..."

"आईवर गेली वाटते पोरगी! तुमच्यासारखी बिलकुल दिसत नाही!"

पोरगी फिदीफिदी हसत आत पळाली. अन् व्हरांड्यातल्या बाकावर तीन पाहुणे बसले होते, एक तरुणी अन् तिचे मामा-मामी. त्यातल्या मामी ताडकन उठल्या.

"पोरगी? याले पोरगी आहे?"

"आहे ना! आताच आत गेली."

"पाहा!" मामी मामावर कडाडल्या. "मी म्हणत होती ना! बत्तीस वर्षांचा, शाळेत मास्तर, अन् बिनलग्नाचा कसा राह्यला? चला, उठा!"

आता ऐका. हे गृहस्थ म्हणजे सायमनभाऊ, आमच्या युथचे अध्यक्ष! आमच्या चर्चात लग्न होईपर्यंत माणूस युथमध्येच राहते, मंग वय काही का असेना. ती पोरगी त्यांची भाची. अन् हे पाहुणे तिवश्याहून त्यांनाच पाहायले आले होते. सोबत नवरी मुलगी होती, अनिता, मान खाली घालून बसलेली.

सायमनभाऊनं हे सगळं मले एका दमात सांगतलं. मग हळूच म्हणाले, "तेरा स्थळं मोडली मॅडम. हे शेवटचं, असं मायले कबूल केलं होतं."

एका माणसाचा संसार मी उभा राहायच्या आधीच पाडला! पण गप्प बसन ती मी कसली?

"थांबा मामी! पुरावा देते!"

ऑफिसात पळाली अन् बाप्तिस्म्याचं जाडजूड रजिस्टर घेऊन आली. त्यात ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच्याच नावासमोर पुढं लग्नाचीही नोंद होते. लग्न झालं असंल तर लपतच नाही. चार वर्षं हेच तर काम केलं होतं मी!

"मॅडम, राहू द्या," सायमनभाऊ म्हणाले.

"काहून राहू द्या? खरं आहे तर भ्यायचं कशाले?"

"मॅडम, हात जोडतो. रजिस्टर नको!"

मी ऐकते का? ओळीवर बोट ठेवलं अन् सगळ्या व्हरांड्याले ऐकू जाईल असं वाचलं, "सायमन. लग्नाचा रकाना कोरा! एकदम कोरा! ही जन्मतारीख. म्हणजे आज वय झालं..." मी बोटांवर मोजलं. "अडतीस!"

मामी दोन पावलं पुढं आल्या.

"अडतीस?" मामी म्हणाल्या. "आमाले तर बत्तीस सांगतलं!"

सायमनभाऊ खाली पाहून राहिले होते. कपाळावरून घामासोबत कलपाचा काळा ओघळ येत होता. तो ओघळ मी अजून विसरली नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मले. रजिस्टर छातीशी धरलं अन् मी रडायले लागली.

"तू कुठची आहेस वं, पोरी?" मामीनं दरडावलं.

"अकोल्याची," मी हुंदके देत सांगतलं. "तिथल्या चर्चची रजिस्टरं मीच लिहीत होती."

मामी मटकन खाली बसल्या. आवाजच बदलला. "जाऊ द्या ना आता! वयाचं काय एवढं घेऊन बसायचं?"

तेव्हा अनितानं पहिल्यांदा मान वर केली. "माहा बाप्तिस्मा अकोल्यालेच झाला आहे, मॅडम. मामीनं यांले अठ्ठावीस सांगतलं. मी चौतीसची आहो."

सायमनभाऊनं तिच्याकडं पाह्यलं. दोघंही असे हसले, का विचारू नका! मामाही हसले. मामी मात्र पदरानं वारा घेत बसल्या.

जमलं लग्न. सायमनभाऊनं मले माफ केलं, माह्या मनानं काही केलं नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात. फादर सगळ्यांले विचारतात, या लग्नाले अडचण होईल असं कोणाले काही माहीत असंल, तर त्यानं सांगावं.

ते तिन्ही रविवार फादरनं मले परतवाड्याले पाठवलं. म्हणाले, तिथल्या युथले तुही फार गरज आहे. जाऊन पाहते तर मिस्सेले आठ-दहा म्हातारी माणसं, पोरगं एकही नाही!

मी फादरले काहीच विचारलं नाही. मले तरी कुठं माह्यावर भरोसा होता?