गार्डसाहेबांचे हॅलोजन

जीप सुरू करण्याआधी ते खिशातून रुमाल काढायचे आणि पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा पुसायचे. मग थोडं लांब जाऊन, कमरेवर हात ठेवून, दिव्यांकडे निरखून बघायचे. हे सगळं भर सकाळी, लख्ख उन्हात. मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या आमच्यापैकी कुणी हसलं, की म्हणायचे, "हसा, हसा. पण दिवा आपल्यासाठी नसतो, समोरच्यासाठी असतो."

रेल्वेत गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. सुटणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहायचं, हिरवा झेंडा दाखवायचा आणि मागचा लाल दिवा पेटता आहे ना याची खात्री करायची. निवृत्त झाल्यावर डहाणूत घरी बसून त्यांना करमेना. तेव्हा त्यांनी लष्करातून बाद झालेली एक जुनी जीप घेतली. आम्ही काही शिक्षक डहाणूत राहत होतो आणि उधव्याच्या शाळेत शिकवत होतो. एसटीचा भरवसा नव्हता. गार्डसाहेब आम्हाला सकाळी नेऊ लागले, संध्याकाळी आणू लागले. मी मूळचा झरी गावचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. मला नोकरी मिळाली ती माझ्या शिक्षणामुळे, पण ती वेळेवर हजर राहून टिकली ती या माणसामुळे, हे मी आजही सांगतो. वयाने मी त्यांच्या मुलासारखा, तरी ते मला कायम "गुरुजी" म्हणत.

जीपला ते रेल्वेच समजत. उशीर झालेल्याला सोडून जात. एकदा मुख्याध्यापिका मोठ्या बाईच मागे राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या फणफणत आल्या, "साहेब, मी हात करत होते!"

"हात सिग्नलला करतात, बाई. माणसाने प्लॅटफॉर्मवर असावं."

गाडी चालवणं हा त्यांचा प्राण होता. आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. नजर गेली ती परत येणार नाही, उरली तेवढी सांभाळा, म्हणाले. ही गोष्ट आम्हाला काकूंकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून कळली. "काल यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला," काकू म्हणाल्या. "आता एकदा जरी संध्याकाळी रस्ता चुकले ना, तर किल्ली माझ्या मिसळणाच्या डब्यात."

गार्डसाहेब ऐकून घेणारे नव्हते. "डोळे ठीक आहेत. दिवे म्हातारे झालेत," ते म्हणाले. त्यात थोडं तथ्यही होतं. हिवाळ्यात परतताना अंधार पडायचा आणि जीपचे जुने पिवळे बल्ब म्हणजे देवघरातल्या समया. दिवे लावून हॉर्न दाबला, तर हॉर्नचा घसाच बसायचा.

त्या सुमारास हॅलोजन बल्ब नुकतेच आपल्या भागात दिसू लागले होते. तलासरीच्या नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारा एक गुजराती कारागीर होता. गार्डसाहेबांनी त्याच्याकडे जीप नेली. त्याने गंजलेले रिफ्लेक्टर बदलले, नव्या जाड वायरी टाकल्या, बॅटरीचा पूर्ण जोर दिव्यांना देणारा रिले बसवला आणि संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर झोत मारून दाखवला. "जुओ काका, दिवस जेवुं लागे छे!" दिवसासारखंच वाटत होतं, खोटं नाही. गार्डसाहेबांचा चेहराही तसाच उजळला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, आम्ही सगळे बसलो, वाटेत बाजाराच्या दोन बाया टोपल्यांसकट चढल्या. अंधार पडला तसे दिवे लागले. गार्डसाहेब चक्क गुणगुणायला लागले. "गुरुजी, झाडाचं पान न् पान दिसतंय!"

झाडाचीच पानं दिसत होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

समोरून पेंढ्याची बैलगाडी आली. बैलांच्या डोळ्यांत झोत गेला, ते बिथरले आणि गाडी एका चाकाने चरात उतरली. आम्ही धावलो. माणसाला, बैलांना लागलं नव्हतं, पण पेंढा निम्मा सांडला होता. गाडीवान डोळे चोळत उभा होता. गार्डसाहेब हात जोडून म्हणाले, "माफ करा दादा, मला तुम्ही दिसला होता हो."

"तुमाला दिसला ना साहेब? मंग झालाच. आमाला काय, आमी आंधलं!"

सगळ्यांनी खांदा लावून गाडी वर काढली, पेंढा भरला. समोरच्यासाठी दिवा पुसणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी दिवा लावला होता, आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत गेला होता.

चूक सापडली ती दुसऱ्या दिवशी. कारागिराने दिवे जुळवले होते रिकाम्या जीपवर. पण आमची जीप रिकामी कधी असायची? मागे माणसं भरली की मागचा भाग दबायचा, नाक वर व्हायचं आणि झोत थेट आभाळाकडे. मग त्या संध्याकाळी शाळेच्या भिंतीसमोर जो सोहळा झाला, तो तुम्ही बघायला हवा होता. गार्डसाहेबांनी दिव्याच्या उंचीवर खडूची रेघ भिंतीवर ओढली आणि हुकूम सोडला, "स्टाफ, बसून घ्या!" उभ्या गाडीत आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने बसलो. झोत रेघेच्या खूप वर, कौलांवर.

"बाई, तुम्ही मागच्या फळीजवळ बसा. रोज बसता तिथेच."

"सगळ्यांना सोडून माझ्याच वजनावर डोळा का हो?" मोठ्या बाई म्हणाल्या, पण बसल्या. झोत आणखी चढला. आम्ही हसून हसून हललो तर झोतही कौलांवर नाचायला लागला. "हलू नका! गाडी चालू आहे असं समजा!" गार्डसाहेब ओरडले. बाजारातल्या बायांच्या जागी तांदळाची पोती ठेवली. मग पेचकसाने स्क्रू फिरवत फिरवत त्यांनी झोत रेघेखाली आणला आणि काचांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवला. आजही कुणी जुन्या गाडीला एलईडी बसवून मला कौतुकाने दाखवायला आणलं, की मी आधी विचारतो, "माणसं बसवून बघितलंत का?"

रंग वाळल्यावर आम्ही निघालो. समोरून सायकली आल्या, बैलगाडी आली, सगळे निवांत गेले. मी पुढे त्यांच्या शेजारी होतो. तलासरीच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, डावीकडे मोरी आली का?"

चुन्याने रंगवलेला ओढ्यावरच्या मोरीचा कठडा आमच्या दिव्यांत स्वच्छ उजळला होता. अगदी समोर.

"थांबा, साहेब," मी म्हणालो.

ते थांबले. खाली उतरले, रुमालाने दोन्ही काचा पुसल्या, लांब जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज अगदी साधा होता. "दिवे पास आहेत, गुरुजी. आता दिव्यांवर ढकलता येणार नाही." आणि किल्ली माझ्या हातात दिली. सुट्टीत शाळेच्या मैदानावर त्यांनीच मला गाडी शिकवली होती, लायसनही काढायला लावलं होतं. ते कशासाठी, हे मला त्या वळणावर कळलं.

मी त्यांच्यासाठी शेजारची जागा झटकली. ते हसले. "तिथे नको. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात केली. म्हातारपणी उगाच इंजिनात शिरलो." ते मागे गेले, मोठ्या बाईंना सरकायला लावलं आणि मागच्या फळीजवळ, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसले. मागचा लाल दिवा पेटता आहे, हे वाकून पाहिलं. फळीवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "सोडा!"

पुढे कित्येक वर्षं ती जीप त्यांच्या "सोडा"वरच हलली. सकाळी ते काचा पुसायचे, मग मागे जाऊन बसायचे. उधव्याला काही काम नसताना रोज यायचे, रोज परतायचे. काकूही काही बोलत नसत. किल्ली मिसळणाच्या डब्यात गेली नाही, एवढ्यावर दोघांचं मिटलं होतं.

ते गेले त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी काचा पुसल्या. सगळे आपापल्या जागी बसले. फळीजवळची जागा कुणी घेतली नाही. मी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि क्लचवर पाय ठेवून तसाच थांबलो. उशीर होत होता.

मग फळीवर दोनदा थाप पडली, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "सोडा, गुरुजी."