डिग्रीवरचं प्लास्टिक घेऊन हॅम्बर्गला

हॅम्बर्गला लोक बंदर पाहायला जातात. मी गेलो माझ्या हातून झालेला घोळ निस्तरायला, आणि तिथे जाऊन तो वाढवून आलो.

माझी मुलगी मुक्ता आठ वर्षं न्युरेम्बर्गला आहे, जावई तिथे इंजिनिअर. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात चार महिने साताऱ्याला येऊन राहिली आणि परत जाताना म्हणाली, "बाबा, मी नर्स होणार." वय छत्तीस! हॅम्बर्गच्या एका कॉलेजात, आधीच पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. भाषेची परीक्षा, वृद्धाश्रमात बिनपगारी काम, पोलिसांचा दाखला, 'मला का यायचंय' यावर दोन पानी निबंध. सगळं तिनं केलं. राहिली होती फक्त डिग्रीची साक्षांकित प्रत, आणि तिच्यासाठी मूळ डिग्री हवी. ती मी यंदा जाताना नेली. प्रवासात भिजू नये म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून झकास लॅमिनेट करून! आयुष्यभर जिल्हा परिषदेत कागद सांभाळलेला माणूस मी.

न्युरेम्बर्गच्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कचेरीत, प्रती साक्षांकित करून मिळतात. पण वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आम्हाला मिळाली तीन आठवड्यांनंतरची. टेबलापलीकडच्या बाईंनी डिग्रीवरून अंगठा फिरवला आणि ती परत सरकवली.

"काय म्हणते?"

"प्लास्टिकमुळे शिक्क्याचा उठाव हाताला लागत नाही म्हणते. कागद खरा की खोटा, कळत नाही."

"अगं, खरा आहे म्हणूनच लॅमिनेट केला, सांग तिला! खोट्यावर कोण खर्च करतं?"

मुक्तानं हे जर्मनमध्ये सांगितलं नाही. "असू द्या, बाबा," एवढंच म्हणाली.

मुलाखत तीन दिवसांवर होती. तिथेच मूळ कागद दाखवून बघू, असं ठरलं आणि मीही बरोबर निघालो. थेट गाडीनं साडेचार-पाच तास लागतात. तिकीट आधी काढलं तर स्वस्त मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं. आणि बसायची जागा राखायचे पैसे वेगळे, हे विसरू नका. कासेलपर्यंत बोगदेच बोगदे. डोंगर नीट दिसतो म्हणेपर्यंत अंधार. प्राथमिक शाळेत आम्ही सगळा वर्ग मिळून हेल काढत कविता म्हणायचो. पुढे आगगाडीत बसलो की रुळांच्या खडखडाटावर त्या कविता आपोआप ओठांवर यायच्या. ही गाडी इतकी गुळगुळीत, की तिच्या चालीवर एक कडवं बसेना. समोर मुक्ता मुलाखतीची उत्तरं पाठ करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ओठ हलतायत तुमचे."

हॅम्बर्गला चिरचिर पाऊस. उतरलो युथ होस्टेलवर; न्याहारीसकट खोली परवडते, चादर मात्र आपली आपण घालायची. सकाळी मुक्ता आंघोळीला गेली आणि मला दिसलं, प्लास्टिकची एक कड किंचित सुटलीय. म्हटलं, अलगद सोडवली तर प्रश्नच मिटला! नेलकटर घेतला. एक बाजू छान सुटली. दुसरी ओढली, आणि कुलगुरूंची सही प्लास्टिकबरोबर वर आली.

मुक्ता बाहेर आली ती टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाबा! हात लावायला सांगितलं होतं कोणी? आई म्हणायची तेच खरं. तुम्ही काही दुरुस्त करायला घेतलंत, की घरातल्या वस्तू लपवून ठेवायला हव्यात!"

खरं सांगू? बरं वाटलं. तीन दिवस ती माझ्याशी वृद्धाश्रमातल्या आजोबांशी बोलावं तसं बोलत होती.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. मी बाहेर बाकावर. मग प्रवेश पाहणाऱ्या बाई मुक्ताबरोबर बाहेर आल्या, हातात आमची सोललेली डिग्री.

"मुलाखत चांगली झालीय," मुक्ता म्हणाली. "पण हा कागद चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत नवीन मूळ प्रत आली तरच माझा विचार होईल."

"आणि नाही आली तर?"

"पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून."

बाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मुक्ता म्हणाली, "विचारतायत, तुमच्याकडे सगळेच कागद असे डबाबंद करतात का?"

"या, गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'. तेवढंच जर्मन मला येत होतं.

शहराच्या दिवसभराच्या तिकिटात बंदरातली फेरीबोटही येते. पर्यटक उगाच वेगळी महागडी बोट घेतात. आम्ही वरच्या डेकवर भिजत बसलो, दालचिनीचा चपटा गोड पाव वाटून खाल्ला. मोठमोठी जहाजं जवळून गेली असावीत. मी पाण्याकडेही पाहिलं नाही.

"मी परत जातो," म्हणालो. "विद्यापीठातून दुसरी प्रत काढतो." माझ्या मुक्कामाचे अजून पाच आठवडे बाकी होते. या वेळी ती 'असू द्या' म्हणाली नाही. फोन काढून म्हणाली, "तिकीट बघते."

पुढचं सगळं इकडचं. प्रतिज्ञापत्र, मुलीचं अधिकारपत्र, खराब झालेली डिग्री जमा, मग 'साहेब रजेवर', मग 'प्रिंटर बंद'. विद्यापीठाच्या किती चकरा मारल्या ते विचारू नका. जाणाऱ्यांनो, डिग्री साध्या फाइलीत ठेवा आणि तिच्यावर जास्त प्रेम करू नका. नवी प्रत कुरिअरनं मुदतीच्या दोन दिवस आधी पोचली. मुक्ताला जागा मिळाली.

एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंत, असं शेजारी विचारतात तेव्हा सांगता येत नाही. मागच्या रविवारी मुक्ताचा फोन आला. पहिल्याच आठवड्यात त्यांना वर्गात एकमेकांचे दात घासायला लावले होते.

"आपण नुसतं तोंड उघडून बसायचं, बाबा. ब्रश मागे गेला आणि माझं तोंड आपोआप मिटलं. उघडेचना."

मी हसलो. ती हसली नाही.

"मी दात घासायला गेले की आईसुद्धा तोंड घट्ट मिटून घ्यायची. आठवतंय?"

आठवत होतं. हट्ट करू नकोस म्हणून आम्ही दोघंही तिच्यावर ओरडायचो.

"हट्ट नव्हता तो, बाबा," मुक्ता म्हणाली. "मी ब्रश फार जोरात आत घालत होते."